जज्जसाहेबांच्या समोरचा लेखनिक

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाचा फेडरल कोर्टाशी संबंध किती येतो? बऱ्याच जणांचा एकदाच, सिटिझनशिपच्या शपथविधीला. नवा सूट, ठेवणीतली साडी, हातात छोटा झेंडा, मग फोटो आणि नंतर कुठेतरी जेवण. त्या गडबडीत जज्जच्या उंच बाकाच्या पायथ्याशी असलेल्या छोट्याशा टेबलाकडे कुणाचं लक्ष जात नाही. एरवी खटला चालू असताना तिथे एक व्यक्ती बसलेली असते. समोर तिपाईवर टाइपरायटरपेक्षा लहान असं यंत्र असतं आणि चेहऱ्यावर कसलाही भाव नसतो. वकील ओरडोत, साक्षीदार रडोत, तिची बोटं चालूच असतात. हा कोर्ट रिपोर्टर. वर्तमानपत्राच्या बातमीदाराशी त्याची गल्लत करू नका. कोर्टात जे बोललं जातं त्यातला शब्दन् शब्द लिहून ठेवणं एवढंच त्याचं काम. पण ते काम नीट झालं नाही तर माणसं विनाकारण तुरुंगात राहू शकतात. म्हणून हा इतिहास आपण माहीत करून घ्यायला हवा. त्यात आपल्या ओळखीची दोन-तीन नावंही भेटतात.

पहिला प्रश्न असा, की एवढं लिहायचं कशासाठी? जज्ज समोरच बसलेले असतात, ज्यूरी ऐकत असते. उत्तर सोपं आहे. खटला हरलेला माणूस अपील करतो, आणि अपील कोर्टासमोर साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. वरच्या कोर्टाचे न्यायाधीश फक्त कागद वाचतात. खालच्या कोर्टात वकिलाने हरकत घेतली होती का, जज्जने ज्यूरीला कायदा बरोबर समजावून सांगितला का, हे सगळं त्या कागदावरून ठरतं. जे कागदावर नाही, ते वरच्या कोर्टाच्या दृष्टीने बहुधा घडलेलंच नसतं. ‘ऑन द रेकॉर्ड’ हे शब्द इथले वकील उठता-बसता वापरतात ते याचसाठी.

हार्मोनियमसारखं यंत्र

त्या यंत्राचं नाव स्टेनोटाइप. १८७० च्या दशकात माइल्स बार्थोलोम्यू या अमेरिकन लघुलेखकाने यंत्रावर लघुलेखन करण्याची युक्ती काढली. पुढे १९१० च्या दशकात वॉर्ड स्टोन आयर्लंड या कोर्ट रिपोर्टरने त्याचं आजच्यासारखं रूप बाजारात आणलं. यंत्रावर बावीसच कळा आणि वर आकड्यांची एक पट्टी असते. टाइपरायटरवर आपण एकेक अक्षर ठोकतो, इथे हार्मोनियमवर दोन-तीन पट्ट्या एकदम दाबाव्यात तशा कळा एकत्र दाबायच्या. डाव्या हाताने सुरुवातीचं व्यंजन, अंगठ्यांनी मधला स्वर, उजव्या हाताने शेवटचं व्यंजन. ‘कॅट’ हा शब्द एका ठोक्यात उमटतो. डाव्या बाजूला ‘ड’साठी वेगळी कळच नाही, ‘ट’ आणि ‘क’ मिळून दाबले की तो ‘ड’ समजायचा!

हे वाचून आपल्याला फारसं नवल वाटायला नको. इंग्रजी माणूस शब्द सुट्या अक्षरांनी लिहितो. आपण मात्र व्यंजन, स्वर आणि गरज पडली तर जोडाक्षर असं एकत्र बांधून उच्चाराप्रमाणे लिहितो. स्टेनोटाइप म्हणजे इंग्रजीने घेतलेला बाराखडीचा छोटासा अनुभवच.

या यंत्राच्या आधी होती हाताची लघुलिपी. आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली इंग्लंडमध्ये आपली पद्धत छापली. तीही ध्वनीवर आधारलेली. ‘प’ची रेघ बारीक, तीच जाड केली की ‘ब’. बारीक ‘ट’, जाड ‘ड’. बारीक ‘क’, जाड ‘ग’. स्वर म्हणजे रेघेच्या बाजूला ठिपके आणि छोट्या रेघा, आपल्या काना-मात्रा-वेलांटीसारखे. पिटमन यांचे भाऊ बेन पिटमन अमेरिकेत आले आणि त्यांनी ही विद्या इथे रुजवली. १८६५ मध्ये लिंकनच्या खुनाच्या कटाचा खटला लष्करी आयोगासमोर चालला, त्याची नोंद प्रसिद्ध करणारे हेच बेन पिटमन.

तीच पिटमनची लिपी आगबोटीने मुंबईलाही पोचली होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरात एखादे काका किंवा आत्या असतील, ज्यांनी मॅट्रिकनंतर टायपिंग-शॉर्टहँडचा क्लास लावला. ऐंशीचा स्पीड, शंभराचा स्पीड, मग एकशेवीसची परीक्षा, आणि मग सरकारी कचेरीत किंवा बँकेत स्टेनोची नोकरी. त्या पगारावर कितीतरी कुटुंबं उभी राहिली. त्याच्याही आधी आपल्याकडे चिटणीस होते आणि हात फारसा न उचलता झरझर लिहायची मोडी होती. भरभर लिहिणाऱ्याची किंमत आपल्याला नवी नाही.

पण कोर्टापुरता एक मोठा फरक आहे. भारतातल्या खालच्या कोर्टात साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते ऐकून आपल्या शब्दांत स्टेनोला सांगतात, आणि सहसा सलग निवेदनाच्या रूपात ती साक्ष नोंदली जाते. अमेरिकेत मात्र प्रश्न आणि उत्तर, अडखळणं, वकिलांची भांडणं, जज्जचा टोमणा, सगळं जसंच्या तसं. इथे जज्ज सांगत नाही, रिपोर्टर ऐकतो. इतकंच काय, दोन माणसं एकदम बोलायला लागली तर तो जज्जलाही थांबवू शकतो. कोर्टात जज्जला ‘जरा थांबा’ म्हणायची सोय आणखी कुणाला आहे?

टिळकांचे दोन खटले

शब्दशः नोंदीने काय होतं हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको, लोकमान्यांचे दोन खटले बघू. १९०८ च्या जुलैमध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर राजद्रोहाचा खटला चालला. टिळक स्वतःच स्वतःचे वकील. ज्यूरीपुढचं त्यांचं भाषण अनेक दिवस चाललं, तासांनी मोजलं तर एकवीस तासांहून जास्त. ते भाषण आज आपण वाचू शकतो, कारण ते लिहून घेतलं गेलं आणि न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी खटल्याचा संपूर्ण अहवाल इंग्रजीत छापून काढला.

त्या खटल्यातला एक मुद्दा आजच्या वाचकानेही लक्षात ठेवावा. आरोप ‘केसरी’तल्या मराठी लेखांवर होता, पण ज्यूरीपुढे होतं ते त्यांचं सरकारी इंग्रजी भाषांतर. नऊ ज्यूररांत एकही मराठी माणूस नव्हता. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दावर वाद घातला. मूळ मराठी शब्दाला एक छटा, इंग्रजी शब्दाला दुसरीच. शेवटी सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेला गेले.

दुसरा खटला १९१६ चा. टिळकांनी बेळगावला आणि अहमदनगरला होमरूलवर मराठीत भाषणं केली. पोलिसांचे लघुलेखक ती टिपून घेत होते. त्या नोंदींच्या आधाराने पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. न्यायमूर्तींनी सुटी वाक्यं उचलली नाहीत, भाषणं सलग वाचली आणि त्यांचा एकूण परिणाम काय, ते पाहिलं. सरकारने पकडण्यासाठी करून घेतलेली नोंदच टिळकांना सोडवायला उपयोगी पडली. नोंद पुरी असली की ती कुणाच्या मालकीची राहत नाही, हे या खटल्यातून कळतं.

पंडितांचा कागद

आता पुन्हा अमेरिकेत येऊ. इथेही त्याच काळात एक हिंदी माणूस कागदाच्या जोरावर लढत होता. सखाराम गणेश पंडित हे त्याचं नाव. नावाची ठेवण आपल्याला लगेच ओळखीची वाटते, आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व ‘गोऱ्या’ माणसाला किंवा आफ्रिकन वंशाच्या माणसाला मिळे. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टात पंडितांचा अर्ज सुनावणीला आला. सरकारचा माणूस हजर होता, त्याने हा अर्जदार कायद्याच्या अर्थाने गोरा नाही अशी हरकत घेतली. कोर्टाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल पंडितांच्या बाजूने दिला. सरकारने अपील केलं नाही. पंडित नागरिक झाले, १९१७ मध्ये कॅलिफोर्नियात वकील झाले, पुढे एका अमेरिकन बाईंशी त्यांनी लग्न केलं.

१९२३ च्या फेब्रुवारीत भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की हिंदुस्थानातला माणूस ‘गोरा’ नव्हे. त्या खटल्यातला तोंडी युक्तिवाद आपल्याला शब्दशः मिळत नाही, कारण सुप्रीम कोर्ट त्या काळी तशी नोंद ठेवत नसे. तिथलं ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९५५ मध्ये. निकाल लागताच सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांची प्रमाणपत्रं रद्द करायला सुरुवात केली. पन्नासहून अधिक माणसं अशी एका फटक्यात परकी झाली. पंडितांवरही दावा झाला. तो हरले असते तर वकिली गेली असती. शिवाय १९२२ च्या कायद्याप्रमाणे, नागरिक होण्यास अपात्र अशा परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचंही नागरिकत्व जात असे. म्हणजे पत्नीचाही देश गेला असता.

पंडित जिंकले. फेडरल जिल्हा न्यायालयात जिंकले, आणि १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टातही. कशाच्या आधारावर? हिंदी माणूस गोरा की काळा या वादात कोर्ट शिरलंच नाही. कोर्टाने जुनी फाइल पाहिली. हा प्रश्न १९१४ सालीच उपस्थित झाला होता, सरकारने तेव्हाच हरकत घेतली होती, कोर्टाने ती ऐकून नाकारली होती आणि तो निकाल अंतिम झाला होता. एकदा लढून ठरलेला प्रश्न सरकारला पुन्हा उकरून काढता येणार नाही. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारची विनंती ऐकायला नकार दिला आणि बाकीच्या हिंदी लोकांवरचे दावेही सरकारने सोडून दिले. ज्यांचे निकाल आधी लागले होते त्यांच्यापैकी बहुतेकांना मात्र थेट १९४६ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं.

विचार करा, तेरा वर्षांपूर्वीच्या त्या सुनावणीत सरकारी माणूस हजर होता आणि त्याने हरकत घेतली, एवढी नोंदच नसती तर? पंडित स्वतः वकील होते, युक्तिवादात कमी नव्हते. तरी त्यांना तारलं ते त्या जुन्या नोंदीने.

१९४४ चा कायदा

पंडितांच्या वेळी फेडरल कोर्टात सरकारी पगारावरचा रिपोर्टर नव्हता. नोंद हवी असेल तर पक्षकाराने आपल्या पैशाने लघुलेखक आणायचा. श्रीमंत कंपनीला ते परवडे. गरीब आरोपीच्या खटल्यात काय झालं हे वकिलांच्या टिपणांवरून आणि आठवणीवरून जुळवावं लागे. ही स्थिती बदलली ती २० जानेवारी १९४४ च्या कोर्ट रिपोर्टर कायद्याने. प्रत्येक फेडरल जिल्हा न्यायालयाने रिपोर्टर नेमायचे, फौजदारी खटल्याचं खुल्या कोर्टातलं सगळं कामकाज शब्दशः नोंदवायचं, मूळ नोंदी निदान दहा वर्षं जपायच्या, आणि आरोपी गरीब असेल तर छापील प्रतीचा, म्हणजे ट्रान्सक्रिप्टचा, खर्च सरकारने सोसायचा. कायद्याच्या पुस्तकात आजही हेच कलम ७५३ म्हणून आहे.

राज्यांच्या कोर्टांतली लढाई नंतर झाली. इलिनॉयमध्ये फाशीची शिक्षा झालेल्यालाच ट्रान्सक्रिप्ट फुकट मिळे. दरोड्याच्या आरोपात शिक्षा झालेल्या दोघांकडे त्याचे पैसे नव्हते, म्हणून त्यांचं अपील नीट होऊच शकत नव्हतं. १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रिफिन खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की खिशात पैसे नाहीत म्हणून अपिलाचं दार बंद करता येणार नाही. १९६४ मध्ये हार्डी खटल्यात फेडरल कोर्टांपुरतं आणखी स्पष्ट झालं. अपिलासाठी सरकारने दिलेला वकील खटल्याच्या वेळी नसेल, तर त्याला पूर्ण ट्रान्सक्रिप्ट मिळालंच पाहिजे. जो माणूस त्या खोलीत नव्हता त्याला दुसरं काय वाचता येणार?

आजचा हिशेबही बघा. पूर्ण दिवसाच्या कामकाजाची साधारण दोनशे पानं होतात, प्रत्येक पानावर पंचवीस ओळी. ऑक्टोबर २०२४ पासून साध्या मुदतीच्या, म्हणजे तीस दिवसांत द्यायच्या प्रतीचा फेडरल कोर्टातला कमाल दर पानाला ४.४० डॉलर ठरला. म्हणजे दिवसाचे ८८० डॉलर, आणि दहा दिवसांच्या खटल्याचे आठ हजार आठशे. १९४४ पूर्वीच्या गरीब आरोपीची अडचण यावरून लक्षात यावी.

फेडरल रिपोर्टरला सरकारी पगार असतो आणि शिवाय प्रतींचे हे पानाप्रमाणे पैसे मिळतात. यंत्र आणि सॉफ्टवेअर मात्र त्याचं स्वतःचं. नोकरीसाठी लागणारी नेहमीची पात्रता म्हणजे राष्ट्रीय संघटनेची परीक्षा. साक्षीची प्रश्नोत्तरं मिनिटाला २२५ शब्दांच्या वेगाने आणि निदान ९५ टक्के बिनचूक लिहायची. आपल्या काकांच्या एकशेवीसच्या परीक्षेशी ताडून पाहा! ही संघटना १८९९ साली शिकागोला स्थापन झाली. मोठ्या खटल्याआधी चांगला रिपोर्टर साक्षीदारांची नावं, औषधांची नावं, कंपन्यांची नावं मागवून घेतो आणि आपल्या संगणकातल्या कोशात भरून ठेवतो. ‘कुलकर्णी’ किंवा ‘क्षीरसागर’ ही नावं आली तर त्यांच्यासाठी छोटासा खास ठोका ठरवतो. मग जज्जच्या पडद्यावर ती त्याच क्षणी बरोबर उमटतात.

टेपरेकॉर्डर आला तेव्हा हा धंदा बुडणार असं सगळ्यांना वाटलं. १९८२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ध्वनिमुद्रणालाही परवानगी मिळाली, आणि कोणती पद्धत वापरायची ते जज्जवर सोपवलं गेलं. दिवाळखोरीच्या कोर्टांत आणि मॅजिस्ट्रेट जज्जांकडे बहुतेक काम आता ध्वनिमुद्रणावरच चालतं. तरी मोठ्या खटल्यांत अनेक जज्जांना माणूसच हवा असतो. टेपवर खोकला आणि उत्तर एकदम आलं तर टेप काही विचारत नाही, रिपोर्टर विचारतो. नोंद हरवली तर काय होतं याचं उदाहरण १९७७ चं आहे. पाचव्या सर्किटच्या कोर्टात एका अपिलात वकिलांच्या शेवटच्या भाषणांची नोंदच सापडली नाही, आणि अपिलाचा वकीलही नवा होता. कोर्टाने पुन्हा खटला चालवायचा हुकूम दिला.

आपला उच्चार, आपली भाषा

आता थोडं आपल्यापुरतं. ९५ टक्के बिनचूक ही परीक्षा होते ती बहुधा साध्या, ठरीव उच्चाराच्या इंग्रजीवर. २०१९ मध्ये ‘लँग्वेज’ या भाषाशास्त्राच्या नियतकालिकात फिलाडेल्फियाचा एक अभ्यास आला. तिथल्या शहरी कोर्टातल्या २७ रिपोर्टरांना कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतली वाक्यं ऐकवून लिहायला सांगितली. पूर्ण बरोबर उतरलेली वाक्यं सरासरी ५९.५ टक्केच निघाली. हे सगळे परीक्षा पास झालेले, अनुभवी लोक होते. यात दुष्टावा नव्हता. कान ज्याला सरावलेला नाही ते त्याला ऐकू येत नाही, एवढंच.

ही तर इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची बोली. मग आपलं इंग्रजी? आपल्याला ‘वाइन’ आणि वेलीचं ‘व्हाइन’ यांत फरक करायची सवय नाही. त्याहून मोठी अडचण आपल्या ‘हं’ची. समोरचा बोलत असताना आपण ‘हं, हं’ करतो, म्हणजे ‘ऐकतोय, पुढे बोला’. रिपोर्टर ते होकार म्हणून लिहील. आपली मान डावी-उजवीकडे डोलते, तिचा अर्थ तर अमेरिकन माणसाला कधीच कळलेला नाही.

आणि साक्ष मराठीतच द्यायची असेल तर? १९७८ च्या कायद्याने फेडरल कोर्टात दुभाषा मिळण्याची सोय झाली. पण दुभाष्यांची फेडरल प्रमाणपत्र परीक्षा सध्या स्पॅनिशचीच होते. मराठीसाठी कोर्ट उपलब्ध माणसाची पात्रता पाहून त्याला घेतं. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. रिपोर्टर लिहितो ते दुभाष्याचं इंग्रजी. साक्षीदाराचं मराठी कुठेच लिहिलं जात नाही. आजींनी सांगितलं, ‘आम्ही परवा गेलो होतो.’ यातलं ‘आम्ही’ म्हणजे समोरच्याला वगळून, ‘आपण’ म्हणजे त्याला धरून. इंग्रजीत दोन्हींचं ‘वी’. कटाच्या खटल्यात ‘वी’मध्ये कोण कोण होतं यावर शिक्षा ठरू शकते. ‘त्याने त्याला मारलं’ याचा अर्थ चापट मारली की जीव घेतला? मराठी माणूस संदर्भाने ओळखतो. दुभाषा एक शब्द निवडतो, आणि मग तोच कायमचा. १९०८ मध्ये टिळक ज्या मुद्द्यावर भांडत होते तो इथेही शिल्लक आहे. फरक एवढाच, की त्या वेळी ‘केसरी’चा मूळ अंक तरी हाताशी होता.

यावर कायद्यातच एक उपाय आहे. दुभाषा असेल तेव्हा मूळ बोलण्याचं ध्वनिमुद्रण व्हावं अशी विनंती करता येते आणि जज्जला त्यावर निर्णय द्यावा लागतो. कुणावर प्रसंग आला तर वकिलाला हे आवर्जून विचारा.

आपल्यापैकी बहुतेकांची रिपोर्टरशी गाठ कोर्टात पडणार नाही, वकिलाच्या ऑफिसात पडेल. डॉक्टर असाल, पेटंटच्या भांडणातले इंजिनिअर असाल किंवा गाडीच्या अपघाताचे साक्षीदार असाल, तर डिपॉझिशनला बोलावतील. तिथेही ही मंडळी असतात. अशा वेळी आपलं नाव स्पेलिंगसकट सांगा. मान हलवू नका, तोंडाने ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणा. प्रश्न पुरा होऊ द्या, मग बोला. आकडे सावकाश सांगा, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांची फार गल्लत होते. आणि साक्ष संपायच्या आत, प्रत वाचून पाहायची आहे असं वकिलाकडून नोंदवून घ्या. फेडरल नियमांप्रमाणे प्रत तयार झाल्याचं कळल्यावर वाचून दुरुस्त्या सुचवायला तीस दिवस मिळतात. आपण मंगलकार्याच्या पत्रिकेचं प्रूफ तीन-तीनदा तपासतो, मग आपली साक्ष एकदा तरी वाचायला काय हरकत आहे?

शेवटी एक विचार मुलांच्या आईवडिलांसाठी. १९८५ साली बालू नटराजन हा राष्ट्रीय स्पेलिंग बी जिंकणारा पहिला भारतीय वंशाचा मुलगा ठरला, आणि त्यानंतर आपल्या मुलांनी त्या स्पर्धेत नुसता धुमाकूळ घातला आहे. अचूक कान, अचूक स्पेलिंग, तासन्‌तास एकाग्रता, आणि शिवाय हार्मोनियम-पियानोवर बसलेला हात. हे सगळं ज्या कामाला लागतं त्या कामात या देशात बरीच वर्षं माणसांचा तुटवडा आहे. पण करिअर मार्गदर्शनात आपण हे नाव कधी घेत नाही. घ्यायला हवं. कोर्टाच्या त्या छोट्या टेबलाशी ‘आम्ही’ आणि ‘आपण’मधला फरक जाणणारं एखादं माणूस बसलेलं असेल, तर ते निदान दुभाष्याला थांबवून नेमकं कोण ते विचारायला सांगेल.